क्ष-किरण खोलीतल्या ढाळाबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कै. उकंडराव स्मृती अस्थिरोग रुग्णालय,
मेहकर, जि. बुलढाणा.

अर्जदार: अदीबा कय्यूम शेख, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), रा. मेहकर.

विषय: रुग्ण कय्यूम शेख यांची दि. १७ फेब्रुवारी रोजी ठरवलेली दुसरी शस्त्रक्रिया थांबवून, टेबल समपातळीत आणून एक फिल्म काढण्याबाबत.

संदर्भ: १) माझा दि. २२ जानेवारीचा अर्ज. २) तांत्रिक विभागाचे उत्तर, दि. २९ जानेवारी. ३) बांधकाम शाखेचे उत्तर, दि. ७ फेब्रुवारी.

महोदय,

दि. ३ फेब्रुवारीला सकाळी तळमजल्यावरील क्ष-किरण खोलीत पुढील वस्तू होत्या: टेबल एक, त्याला पाय चार, छताला टांगलेली क्ष-किरण नळी एक, शिशाचा पडदा एक, खुर्च्या दोन, भिंतीत सिमेंटने बुजवलेले नळ तीन, उजव्या भिंतीलगत जाळी लावलेली नाली एक. बुजवलेले नळ आणि नाली यांचे फिल्म काढण्यात काही काम नाही. तरी हा अर्ज त्यांच्यामुळेच करावा लागत आहे.

१. माझे वडील कय्यूम शेख, वय ५८, गवंडीकाम करतात. उजव्या खुब्याचे हाड झिजल्यामुळे दि. ६ जानेवारीला आपल्या रुग्णालयात त्यांचा सांधा बदलला. त्यांना डाव्या कुशीवर निजवून पुढून आणि मागून गाद्या लावून कंबर घट्ट धरली होती. कंबर कलंडली तर नव्या सांध्याची वाटी वाकडी बसते. म्हणून कंबर सरळ असल्याची खात्री करून मगच वाटी बसवली, असे त्या वेळच्या सर्जनांनी नोंदीत लिहिले आहे. वाटीचा पुढचा झुकाव त्यांनी ६ अंश नोंदवला. रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे तो ५ ते २५ अंश असावा लागतो. ते सर्जन आता येथील नोकरी सोडून गेले आहेत.

२. त्यानंतर तीन फिल्म काढल्या गेल्या: ८ जानेवारी, २० जानेवारी आणि ३ फेब्रुवारी. तिन्ही वेळा झुकाव ४ अंश आला. वाटी चुकीची बसली असे ठरवून "झुकाव निश्चित होईपर्यंत रुग्णास उभे करू नये" असा आदेश खाटेला लावला आहे. आज सदतीस दिवस झाले, वडील मांड्यांमध्ये उशी घेऊन पाठीवर आहेत. कूस बदलायलाही परवानगी लागते. उजव्या मांडीचा घेर गुडघ्याच्या वर पंधरा से.मी.वर मी दर सोमवारी मोजते. तो ४६.५ से.मी. होता, आता ४२ आहे. १७ तारखेला तीच मांडी पुन्हा उघडून वाटी काढायची आहे.

३. दुसऱ्या फिल्मच्या वेळी वडील तंत्रज्ञ काजलताई यांना म्हणाले, "ताई, मी उजवीकडे उतरून राह्यलो." त्या म्हणाल्या, "काका, हालू नका. सरळच हाय तुम्ही." वडील म्हणाले, "मी नाही हालत वं. खोलीच हालते." मग मान वळवल्यावर त्यांना नाली दिसली. त्यांचे पुढचे शब्द जसेच्या तसे देते: "हे तं धुलाई खोली व्हती. बावीस वर्सं झाले, हा ढाळ म्याच काढला. वीस इंचाले एक इंच. पान्याले नाली दाखवली व्हती, मानसाले नाही."

मी त्याच आठवड्यात टेबल तपासण्याचा अर्ज दिला (संदर्भ १).

४. तिसऱ्या फिल्मच्या वेळी मी वडिलांच्या अवजारांतील, पातळी पाहायच्या पाण्याच्या नळीने टेबल मोजले. रुंदी ६०० मि.मी.; उजवी कड डाव्या कडेपेक्षा ३० मि.मी. खाली. म्हणजे उतार २.९ अंश. टेबल जमिनीवर उभे आहे म्हणून ढाळात आहे. क्ष-किरण नळी छताला टांगलेली आहे म्हणून ओळंब्यात, म्हणजे अगदी उभ्या सरळ रेषेत आहे. या दोहोंच्या मध्ये निजलेल्या माणसाची कंबर उजवीकडे कलंडते, आणि माझ्या हिशोबाने उजव्या वाटीचा झुकाव सुमारे २ अंशांनी कमी दिसतो.

माझा हिशोब चुकू शकतो, म्हणून मी वॉर्डातील नऊ रुग्णांच्या कमरेच्या फिल्म त्यांच्या परवानगीने पाहिल्या. सरळ निजलेल्या माणसाच्या फिल्ममध्ये कमरेच्या हाडांचा पुढचा सांधा बरोबर माकडहाडाच्या रेषेत दिसायला हवा. नऊही फिल्ममध्ये तो ५ ते ७ मि.मी. उजवीकडे आहे. नऊ गावांची नऊ माणसे एकाच बाजूला तेवढीच कलंडलेली असणे शक्य नाही. शेजारच्या खाटेवरील सोनाळ्याचे शेषराव यांना हे समजावल्यावर ते वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, काम तं पक्कं केलं बॉ तुम्ही. बावीस वर्सांत ढाळ हालला नाही." वॉर्ड हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले, की या टेबलावर आजवर किती जण निजले असतील. त्याची नोंद मला मिळालेली नाही.

५. तांत्रिक विभागाने उत्तर दिले: "टेबलाचे चारही पाय मोजले असता प्रत्येकी ७६ से.मी. भरले. टेबल जमिनीस समांतर आहे." हे खरे आहे. बांधकाम शाखेने उत्तर दिले: "सदर खोलीच्या फरशीचा ढाळ मंजूर नकाशाप्रमाणे योग्य आढळला." हेही खरे आहे. बांधकाम शाखेने पुढे लिहिले आहे, की नोंदवहीत ही खोली अजून धुलाई खोली आहे. क्ष-किरण खोली कागदावर अस्तित्वात नसल्यामुळे तिच्याबद्दलची तक्रार नोंदवता येत नाही.

६. बाहेरून फिल्म काढून आणावी तर दाखल रुग्णाची बाहेरची फिल्म ग्राह्य नाही. सुट्टी घ्यावी तर झुकाव निश्चित झाल्याशिवाय सुट्टी नाही. झुकाव निश्चित करावा तर याच टेबलावर. चौथी फिल्म काढली तर तीही ४ अंश दाखवेल आणि आधीच्या तिन्हींना दुजोरा मिळाला असे लिहिले जाईल. शस्त्रक्रियेला नकार दिला तर पुढील उपचार बंद होतील, असे आम्हाला लेखी कळवले आहे. शस्त्रक्रियेला होकार दिला आणि नवी वाटी पुन्हा नियमात बसणाऱ्या ६ अंशांवरच बसवली, तर तीही याच टेबलावर २ अंश कमी भरेल. तेव्हा तिसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का, हे मी दोनदा विचारले. उत्तर आले नाही.

७. फरशी फोडावी अशी आमची मागणी नाही. टेबलाच्या उजव्या दोन पायांखाली ३० मि.मी. जाडीच्या फळ्या ठेवून आपल्या समक्ष एक फिल्म काढावी. तीत झुकाव ५ अंशांच्या खाली आला तर १७ तारखेच्या संमतिपत्रावर मी स्वतः वडिलांचा अंगठा घेऊन देईन. तसे न आल्यास त्यांना त्याच दिवशी उभे करावे, आणि उरलेल्या नऊ जणांच्या फिल्म पुन्हा काढाव्यात. ही दुसरी विनंती वडिलांची आहे.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
अदीबा कय्यूम शेख
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत: संदर्भातील तीन कागद, तीन फिल्मच्या प्रती, उताराच्या मोजणीची आकृती, मांडीच्या घेराचा तक्ता.

ता. क. (दि. १३ फेब्रुवारी): काल आवक खिडकीवर हा अर्ज खोलीच्या नावामुळे परत आला. आज विषयात काही न बदलता पुन्हा देत आहे. दरम्यान, रुग्णाला सरळ निजवणे हे तंत्रज्ञाचेच काम आहे अशी नोंद रजिस्टरमध्ये करून काजलताईंनी सकाळी ११.४० वाजता चौथी फिल्म काढली. उजव्या पायांखालच्या फळ्या वडिलांच्या अवजारांच्या पिशवीतल्या होत्या. वाचन प्रभारी सर्जनांनी केले व त्याखाली सही केली. पुढचा सांधा आणि माकडहाड यांतील अंतर: ० मि.मी. वाटीचा पुढचा झुकाव: ६ अंश.