तुम्ही घेतलेला आईचा शॉट

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा रडले नव्हते, आणि आज लिहितेय तेही श्रद्धेने नाही, डोकं फिरलंय म्हणून. माझी मुलगी तुमच्या सिनेमांच्या प्रेमात पडलीय. इथे कुवेतमध्ये, महबूलातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर पाय घेऊन ती तुमचे हंगेरियन सिनेमे बघते आणि मलाच ऐकवते, की तिथल्या सरकारने बंदी घालून तुमचा पहिला सिनेमा कपाटात कोंडला तरी तुम्ही वाकला नाहीत. शिकायला बुडापेस्टलाच जायचं म्हणते. परवा मी पोळ्या लाटत होते, तर म्हणाली, "ममा, ही नेव्हर लाइड." पोळी करपली माझी.

खोटं बोलला नाहीत? पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आम्हाला शिकवायला आलात, तेव्हा माझ्या डिप्लोमा फिल्मला नटी मिळेना म्हणून मी आईला उभं केलं होतं. मुलीची वाट बघणारी बाई, एवढंच काम. आई बिचारी ठेवणीतली साडी नेसून कॅमेऱ्याकडे बघून लाजत होती. तुम्ही मला फिल्मचा डबा आणायला स्टोअरमध्ये पिटाळलंत, कॅमेरा चालू केलात आणि असिस्टंटकरवी तिला मराठीत सांगितलंत, की तुमची मुलगी गच्चीवरून पडली. आई अनवाणी दाराकडे धावली. मी आले तेव्हा ती जिन्यात बसून थरथरतेय आणि तुम्ही निवांत सिगारेट पेटवताय. म्हणालात, "आता तुझ्याकडे सिनेमा आहे." लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? त्यानंतर साधा फोटो काढायचा म्हटलं तरी आई उठून जायची. मीही ती लाइन सोडली. आता इथल्या शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यासाठी हेल्मेट कसं घालावं याच्या फिल्म एडिट करते. पगार बरा आहे.

काल लेकीने विचारलं, आजी चालायची कशी, दिसायची कशी, काही आहे का? माझ्याकडे तेवढा एकच शॉट आहे. दाखवला. तिने तो पुन्हा लावून बघितला. मग म्हणाली, "हू इज शी लुकिंग फॉर?"

"मला," मी म्हटलं.

तो शॉट कसा घेतला हे तिला उद्या सांगणार आहे, काही न लपवता. बुडापेस्टला जायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं. हे पत्र मात्र फाडून टाकणार, तुम्हाला काही कळवायची माझी इच्छा नाही. फक्त एवढं खरं, की आईची आठवण असह्य झाली की मी तोच शॉट लावते. त्यात ती माझ्यासाठी धावते.