बोटं दिसली पाहिजेत

७ डिसेंबर २००८, रविवार

टीव्ही आला! चाळीस इंची. राजारामपुरीतल्या दुकानातून टेम्पोत, धरायला दोन माणसं. जुना एकवीस इंची कॉटखाली ढकलला. भिंतीवर बसवेपर्यंत दुपार झाली. शेजारच्या आक्काताई दारातनंच ओरडल्या — "आता सिरियल बघायला आमीबी येतो हं!" या म्हटलं. सिरियलसाठी आणलेला नाही हे कुणाकुणाला सांगत बसू.

आणला तो बायकोला, महादेवीला, श्रुती दिसावी म्हणून. पोरगी जूनपासून बेंगलोरला, कॉम्प्युटरवर नोंदी भरायची नोकरी. आई जन्मापासून बहिरी, पोरगीही तशीच. (श्रुती नाव ठेवलं तेव्हा माहीत नव्हतं. दोन वर्षांनी कळलं.) मायलेकींचं बोलणं हातांनी. फोन काय कामाचा! म्हणून श्रुती मोबाइलवर स्वतःचं शूटिंग करून पाठवते आणि महादेवी ते माझ्या मोबाइलच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर बघायची. दिवाळीपासून दिसत नाही म्हणते. साखरेनं डोळे धरलेत.

गल्लीच्या कोपऱ्यावर सोमेशचं दुकान आहे — लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो. त्यानं क्लिप सीडीवर घालून दिली. लावली. एवढा मोठा पडदा आणि त्यात नुसते चौकोन! चेहरा तेवढा कळतो. हात हलले की सगळं पिठलं. महादेवी उठून टीव्हीला नाक लावून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हातांनी म्हणाली — हिची बोटं कुठं गेली?

८ डिसेंबर

दिवसभर एसटी स्टँडवर, कंट्रोलच्या खिडकीत गाड्या पुकारणं. माइकवर गडहिंग्लज, नेसरी, कागल. परत गडहिंग्लज. घसा बसला. घरी घसा लागत नाही, तेवढं बरं.

११ डिसेंबर

ड्यूटी सुटल्यावर सोमेशकडे गेलतो. म्हटलं, जरा मोठं करून दे, साफ करून दे. तो हसायलाच लागला.

"काका, मोबाइलचं चित्र म्हंजे आडवे एकशे शहात्तर ठिपके. तुमच्या टीव्हीत तेराशे सहासष्ट हायत. मधले मी कुठनं आणू?"

"ताणून होत नाही?"

"ताणलंयच की ते! ऊस एकदा घाण्यातनं गेला, आता चिपाड कितीबी पिळा, रस येतोय व्हय? मुळात चांगलं शूट करून पाठवाय सांगा पोरीला."

श्रुतीला एसेमेस केला. ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते, मीही शिकलो. महादेवीला तेही जमत नाही — शाळा चौथीपर्यंत, अक्षरं म्हणजे तिला परक्या गावची वाट. तिची भाषा बोटांत.

१३ डिसेंबर

महादेवीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. लेझर दोनदा झालं, आता आणखी काही करण्यासारखं नाही म्हणाले. वर्ष, फार तर दीड. मग उजेड-अंधार तेवढा कळेल. चांगला माणूस. दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं.

महादेवी माझ्या हातांकडे बघत बसलेली. मी दोन खुणा केल्या. औषध. बरं.

एवढंच? म्हणाली. डॉक्टरांचं तोंड तर केवढा वेळ हलत होतं!

एवढंच, म्हटलं.

आंधळी ही खूण मला येते. ती करायला हात उचलत नाहीत.

१४ डिसेंबर

श्रुतीला कळवलं. ‘आईला सांगू नको’ हेही लिहिलं. उत्तर नाही.

१९ डिसेंबर

श्रुतीनं ऑफिसातल्या कुणाचा कॅमेरा मागून आणला. सहाशेचाळीस ठिपक्यांचा! पण फाइल अवाढव्य, मेलमधून जाईना. तिथल्या पोरानं दाबून दाबून लहान केली, मग आली. सोमेशनं व्हीसीडी करून दिली. आपल्याच दुकानात लावून दाखवली. "चेहरा बघा की काका, मोत्यासारखा!"

चेहरा खरंच छान होता. बारीक झाली आहे पोरगी.

२१ डिसेंबर, रविवार

घरात रडारड.

सकाळी व्हीसीडी लावली. आधी श्रुती पडदाभर फताडी दिसली. जाड झाली की, महादेवी खूश. रिमोट घेऊन खटपट केली तेव्हा कळलं, टीव्ही चित्र दोन्हीकडनं ओढत होता. सरळ केल्यावर पोरगी परत बारीक. तिथंच महादेवीचा चेहरा पडला.

मग श्रुतीचं बोलणं सुरू. गप्प बसलेली असते तोवर बोटं मोजून घ्यावीत. हात हलला की धुरळा. मधेच दोन्ही हात एकत्र आणले आणि काहीतरी म्हणाली. महादेवी ताडकन उठली. परत लाव. लावलं. परत लाव. पाच वेळा.

मग मटकन खाली बसून म्हणाली — लग्न केलं हिनं. न सांगता.

हातात हात गुंफले की लग्न. बोटांची टोकं छपरासारखी टेकवली की घर. त्या धुरळ्यात गुंफलेले का टेकवलेले, देवाला ठाऊक. मला तर नुसता गोळा दिसला. दुपारी कुणी जेवलं नाही.

२२ डिसेंबर

श्रुतीचं उत्तर — ‘लग्न नाही पप्पा!! घर. घर बदललं. नवी रूम. तीन मुली मिळून.’

महादेवीला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तू नेहमी मधलं खातोस, म्हणाली.

२३ डिसेंबर

आमच्या लग्नात माझे मामा म्हणाले होते, बहिरी बायको म्हणजे जन्मभर भांडण नाही! मामांना काय कल्पना. आज सकाळी तिनं पातेलं आपटलं ते गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं असेल. फक्त तिलाच नाही.

२७ डिसेंबर

सोमेशला म्हटलं, तुझं हे मोती बिती राहू दे. मला बोटं पाहिजेत.

तो म्हणाला, "काका, आमच्या धंद्यात हात कोण बघतंय? दागिनं बघतात!" मग पहिल्यांदा त्यानं ती व्हीसीडी थांबवून थांबवून हातांकडे बघून तपासली. "आरं तिच्या! खरंच की, बोटंच न्हाईत."

मग समजावलं. फाइल लहान करायची म्हटली की मशीन आधी हलणारं खातं. गप उभारलेलं ठेवतं. लग्नात नवरा-नवरी गपच उभारलेले असतात, म्हणून आजवर कुणाची तक्रार नाही. बेंगलोरला दाबताना खाल्लं, व्हीसीडी करताना आणखी खाल्लं. तेव्हा मूळ फाइलच पाहिजे. कॅमेऱ्यातनं निघाली तशी. न दाबता. आणि चित्रं सेकंदाला तीस पाहिजेत, पंधरा नकोत, नाहीतर मधली खूणच गायब.

घरी येऊन श्रुतीला सात एसेमेस. मूळ फाइल. तीस चित्रं. उजेड समोरून. फुलाफुलांचा ड्रेस नको, एकरंगी गडद घाल. कमरेपासून डोक्यापर्यंत घे, हात बाहेर जाता कामा नयेत. सावकाश बोल.

उत्तर — ‘सावकाश का? आईला कळतं. तुम्हाला कळत नाही.’

बरोबर आहे. सव्वीस वर्षांत मी कामापुरतंच शिकलो. मीठ, भाजी, पाहुणे, ताप. त्या दोघी बोलायला लागल्या की मी वाऱ्यावर हलणारी झाडं बघावीत तसा बघत बसतो.

३ जानेवारी २००९

थकलो. रजा मागितली, मिळाली नाही.

११ जानेवारी, रविवार

बेंगलोरच्या गाडीचे ड्रायव्हर हंबीरराव खिडकीपाशी आले. खिशातून कागदात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. "अण्णा, तुमची लेक स्टँडवर हुभी हुती. हातानंच सांगितलं, कोल्हापूर, वडील. मी म्हटलं, वळखतो की!" चहा पाजला. बोलता बोलता म्हणाले, "लई गोड पोरगी. पर जरा काळजीत दिसली."

१२ जानेवारी

सोमेशकडे. एक गिगाच्या वर फाइल, अवघी चौदा मिनिटं. आमचा डीव्हीडी प्लेअर ती तशी घेईना. म्हणून डीव्हीडी करायची ठरली, सातशे वीस ठिपक्यांची, जेवढी दाट बसेल तेवढी.

"एका डीव्हीडीत अख्खं लग्न बसवतो मी, हळदीपासनं पाठवणीपर्यंत," सोमेश म्हणाला. "तुमी चौदा मिनिटांना सगळी डीव्हीडी!"

"घाल."

केली. आवाज बंद करून दोघांनी तपासली. निळा गडद ड्रेस, समोरून उजेड. हात झपाझप चाललेले आणि तरी बोट अन् बोट वेगळं! अंगठी दिसते, करंगळीवरचा लहानपणी भाजल्याचा डाग दिसतो. सोमेशनं माझ्या पाठीत थाप मारली. "जमलं काका!"

श्रुती काय बोलत होती ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. मधलं पळवून शेवट बघितला. एक बाई आली, डोळे मिटलेले, तिनं श्रुतीच्या हातांवर हात ठेवले आणि दोघी हलत राहिल्या. काहीतरी खेळ असावा.

१३ जानेवारी

संध्याकाळी लावली. महादेवीला पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्ची दिली. पहिल्या मिनिटातच हसली, टाळी वाजवली — दिसतंय! नवी रूम, दोन मैत्रिणी, गॅस शेगडी, लग्न नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, खरं सांगत होतास. महिन्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

मग श्रुती थांबली. खाली बघितलं. परत हात उचलले, सावकाश. मलाही कळावं एवढं सावकाश.

आई. डोळे. डॉक्टर.

मी रिमोट शोधला. महादेवीच्या मांडीवर होता.

पूर्ण बघितलं तिनं. मग मागं घेऊन परत. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर टीव्ही बंद केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. लहान मुलाशी बोलावं तसं एक एक खूण.

डोळे. जाणार. तुला माहीत.

मी मान हलवली.

छोटं सांगतोस, म्हणाली. नेहमी छोटं. माझा बाप गेला तेव्हा काय सांगितलंस? ताप. श्रुतीचे कान तपासले तेव्हा? थांबू या, बघू या. सगळे तास-तास बोलतात, माझ्या वाट्याला दोन खुणा.

मला म्हणायचं होतं की तुला त्रास नको म्हणून. आणि तेही अर्धंच खरं आहे. दिवसभर बोलून आलेला माणूस मी. मला कंटाळा यायचा.

१४ जानेवारी, संक्रांत

आक्काताई तिळगूळ देऊन गेल्या. गोड बोला म्हणाल्या.

महादेवी माझ्याकडे बघत नाही. बहिऱ्या माणसानं तोंड फिरवलं की संपलं. हाक मारता येत नाही, दाराआडून बोलता येत नाही, चिठ्ठी लिहिता येत नाही. समोर जाऊन उभा राहिलो तर डोळे मिटून घेते.

१६ जानेवारी

रागानं श्रुतीला लिहिलं — का सांगितलंस? सांगू नको म्हटलं होतं.

‘तुम्ही सांगितलं नाही म्हणून. पप्पा, डोळे तिचे आहेत.’

थोड्या वेळानं दुसरा — ‘शेवटचा भाग बघितला का? त्या संघप्रियाताई. त्यांना ऐकू येत नाही आणि दिसतही नाही. आमच्याकडे शिकवायला येतात. समोरच्याच्या हातांवर हात ठेवून सगळं बोलतात. दिवसभर बोलतात! आई पण बोलेल. पण तिथं तिच्याशी बोलणारं कोण आहे?’

तिथं म्हणजे इथं. स्टँडवर कागल गाडी दोनदा पुकारली.

१७ जानेवारी

महादेवी बाहेर गेली असताना डीव्हीडी लावली. आवाजाची गरज नाही, रिमोटची आहे. थांबव, मागं घे, परत. पडद्यावरच्या श्रुतीसमोर उभा राहून तिच्यासारखे हात करून बघितले. साठी जवळ आलेला माणूस, भिंतीसमोर हातवारे! तासाभरात सहा खुणा. दोन बरोबर असतील.

वळलो तर ती दारात उभी. किती वेळची, कोण जाणे.

ती आत गेली.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी येऊन समोर बसली. डोळे मिटले आणि माझे हात आपल्या हातांखाली घेतले. थांबली. मी खुणेनं ‘चुकलं’ म्हणालो. तिनं डोळे उघडले नाहीत. परत, म्हणाली. बोटं नीट कळली नाहीत.