श्री. तबगे, तळमजला, डावीकडचं दार

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच समज. मान आखडली आहे, कारण पुढे येतंच आहे.)

आमच्या शहराच्या कारभाऱ्यांनी माझ्यावर जो घोर अन्याय केला आहे त्याची दाद कुठे मागावी ते कळेना, म्हणून तुझ्या दरबारात आलो. बसथांब्यावरचा आमचा बाक त्यांनी रंगवायला नेला होता. परवा परत आला. चांगला हिरवागार होऊन आला, बोल्ट ठोकून पक्का बसवला, आणि बसवला तो भिंतीकडे तोंड करून! आता सकाळी आम्ही सगळे नोकरदार रस्त्याकडे पाठ करून, वर्गात शिक्षा झाल्यासारखे ओळीने भिंत बघत बसतो. बसचा आवाज आला की एकदम माना मागे. समोर चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आहे, ती माझी पाठ झाली. तक्रार मात्र कोणीच करत नाही. मी तर नाहीच नाही. विमा कंपनीत बसून लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्यात माझा जन्म गेला. तक्रारीचं पुढे काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

आता खरी बातमी. आमची शाखा बंद होतेय आणि माझी बदली तुझ्या शहरात झाली आहे. एप्रिल संपता संपता निघायचं. इतकी वर्षं तू म्हणत होतीस की त्या अर्ध्या शहरातून बाहेर पड, तर घे, पडतो. अर्धंच म्हणायला हवं. मोठं म्हणावं तर सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस ओळखीचा निघतो आणि हिरवा दिवा लागला तरी कंबरदुखीची चौकशी संपत नाही. लहान म्हणावं तर घरभाडं ऐकून घाम फुटतो. न्हाव्याकडे केस कापून घरी पोचेपर्यंत बाबांना कळलेलं असतं की या वेळी कानामागे जास्त मारले.

अडचण एकच, आणि ती तुला माहीत आहे. आपले तीर्थरूप, म्हणजेच श्रीयुत नामंजूर. बदलीचं सांगितलं, नामंजूर. ताईकडे तुमच्यासाठी उन्हाची खोली आहे म्हटलं, ऊन नामंजूर. तू जा, मी इथेच राहतो, असं म्हणतात. डोळ्यांना दोन हातांपलीकडचं दिसत नाही, गॅस कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो हे बोटांनी चाचपून बघतात, आणि म्हणे एकटे राहतात! त्यांना इथे सोडून मी येऊ शकत नाही आणि नोकरी सोडून इथे राहू शकत नाही. दोन खोल्यांच्या घरात फोनवर कुजबुजलं तरी त्यांना ऐकू जातं (डोळ्यांचं सगळं बळ कानात गेलंय), म्हणून हा पत्रप्रपंच.

ते ऐकतात फक्त खालच्या तबगेंचं. तबगे रोज दुपारी वर येतात, बाबांना पेपर मोठ्याने वाचून दाखवतात. निधनवार्ता आधी, मग हवामान, मग सामने, आणि सामन्यात जो हरला असेल त्याची बाजू घेऊन. परवा बाबांना सांगत होते की हरलेल्यांच्या बाजूने वारा नव्हता. सामना बुद्धिबळाचा होता.

तू काहीतरी डोकं चालव. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आता सामानासकट वाढणार आहे.

तुझा धाकटा

---

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे मानेला.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. बाकाच्या किश्श्याला तुझे भावोजी इतके हसले की चष्मा पुसावा लागला. तू येतोयस या आनंदात मी आजच मागची खोली रिकामी केली. बाबांच्या खाटेची जागा खिडकीशी. तुझ्या पुस्तकांची जागा मात्र तू शोध, मला तुझी भीती वाटत नाही पण तुझ्या पुस्तकांची वाटते.

बाबांचं तू नेहमीप्रमाणे चुकीच्या टोकाने धरलंस. त्यांना ऊन आणि खोल्या सांगून काय उपयोग? ज्याचं ते ऐकतात त्याच्याकडून सांगायला हवं. म्हणून मी सरळ तबगेकाकांनाच पत्र टाकलं आहे. घाबरू नकोस, गोड लिहिलंय. पाकिटावर नाव ठळक अक्षरांत घातलं, तुमची इमारत, तळमजला, डावीकडचं दार. तुझ्या पत्रांतून इतकी वर्षं त्यांना ओळखते, तेव्हा अगदी घरच्यासारखं लिहिता आलं. भावोजी सांगतात की त्यांच्या कचेरीत पूर्वी एक तबगे होते, हिशेब खात्यात, फार सज्जन. त्यांचेच कुणी असतील का, विचारून ठेव.

तू फक्त मध्ये तोंड घालू नकोस, एवढी माया कर.

तुझी ताई

---

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. या खेपेला साष्टांग खराखुरा आहे. जमिनीला नाक लावूनच लिहितोय असं समज.

ताई, जगात तबगे नावाचं कुणीही नाही. भावोजींच्या हिशेब खात्यात कोण होतं ते देव जाणे. खालचे काका प्रत्येक वाक्याच्या आधी ‘तसं बघायला गेलं तर’ म्हणतात. पाऊस येईल का विचारलं तरी, किल्ली सापडली का विचारलं तरी. कधीतरी तुला लिहिताना मी त्याची आद्याक्षरं घेतली, तबगेत. शेवटचा त गाळला, तबगे झालं. आडनावासारखं आडनाव! मला माझ्या विनोदाचं फार कौतुक वाटलं होतं. तुला फोड करून सांगितली आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो. सांगितलीच नव्हती.

रविवारी दुपारी ते पेपरबरोबर तुझं पाकीट घेऊन वर आले. पत्ता माझा आहे, नाव भलत्याच कुणा तबगेंचं आहे, पाठीमागे मात्र तुमच्या लेकीचा पत्ता दिसतोय, तेव्हा तुमच्याकडे आणलं, असं बाबांना म्हणाले. फोडलंही नव्हतं. बाबा म्हणाले, लेकीचंच आहे ना, मग फोडा आणि वाचा. मी आत चहा टाकला होता. आवाज कानावर पडला तेव्हा वाचायला सुरुवात झाली होती.

तुला आठवत असेलच तू काय लिहिलंस, पण त्यांच्या आवाजात ते कसं वाटलं हे तुला कळावं म्हणून लिहितो. आपण मला ओळखत नाही पण मी आपल्याला चांगली ओळखते. निधनवार्ता आधी आणि हवामान नंतर. हरलेल्यांची बाजू. बुद्धिबळातला वारा. माझा भाऊ आपल्याबद्दल इतकं छान लिहितो की आम्ही घरात सगळे पोट धरून हसतो. आणि आपलं ते ‘तसं बघायला गेलं तर’ आमच्या मुलांच्याही तोंडी बसलंय. हे सगळं ते निधनवार्तेच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचत होते. तिथे थांबले. मी दारात येऊन उभा राहिलो होतो. त्यांनी पाकीट उलटं करून नाव पुन्हा पाहिलं. मग एक बोट उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. ओठ हलत होते.

बाबांना हसू फुटलं, कारण त्यांना कोडं आधी सुटलं. लगेच थांबलंही.

काकांनी राहिलेलं पत्र शेवटपर्यंत वाचलं, कारण अर्धवट वाचून ठेवायची त्यांना सवय नाही. बाबांना माझ्याकडे पाठवा, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, असं त्यात होतं, तेही वाचलं. घडी घालून बाबांच्या हातात दिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. चहा उतू गेला तो गेलाच.

त्यानंतर ते वर आलेले नाहीत. जिन्यात भेटले, मी नमस्कार केला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि मान हलवून गेले. मी काय करावं? मी माझ्या धंद्याला जागलो, कागद घेतला आणि लिहिलं की झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून दिलगीर आहे. दाराखालून सरकवला. संध्याकाळी कागद आमच्या दाराखाली परत. मागे-पुढे कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. ऑफिसात अशा पत्रांना ग्राहक समाधानी, असा शेरा मारून मी फाइल बंद करतो.

पेपर आता मी वाचतो. बाबा म्हणाले की मी माणूस मेल्याची बातमीसुद्धा अर्ज नामंजूर झाल्यासारखी वाचतो. मग विचारलं, माझं काय नाव ठेवलंयस? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले की तू मला जिथे नेणार तिथे मला ते सगळेजण त्याच नावाने ओळखत असतील, तर मला इथेच राहू दे.

लोभाबद्दल काय लिहू? शिल्लक असेल तेवढा असू दे.

धाकटा

---

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. पण आज ते देताना हात जड झाला.

तुझं पत्र मी कुणालाच वाचून दाखवलं नाही. मुलांनी जेवताना विचारलं, तबगेंचं काय नवीन, तर मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय दोष? तू नाव ठेवलंस, पण हसायला आम्ही होतो म्हणून ठेवलंस ना. टाळ्या वाजवणारी मीच. श्रीयुत नामंजूर वाचून परवाच हसले होते, आणि बाबांनी माझं बोट धरून मला शाळेत नेलेलं मला अजून आठवतं. मला स्वतःची लाज वाटली. ती तुझ्यावर ढकलायला बसले होते, जमलं नाही.

कागद लिहिणं बंद कर. तू कागदावर फार हुशार आहेस, तिथेच तर सगळं बिघडलं. खाली जा. दार वाजव. काय बोलायचं ते ठरवून जाऊ नकोस, ठरवलंस की विनोद करशील. आणि मला त्यांचं नाव कळव. पाटीवर जसं आहे तसं. मला माझी माफी वेगळी मागायची आहे.

बाबांवर सक्ती करू नकोस. नाहीच आले तर मी तिकडे येऊन राहीन, भावोजींशी बोलले आहे. तेव्हापासून ते स्वतःचा चहा स्वतः करायला शिकताहेत.

ताई

---

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सोबतच्या चिठ्ठीवर काकांचं नाव आहे. काना-मात्रा तपासून घेतली आहे.

खाली गेलो होतो. दार उघडून ते मला आत या म्हणायला गेले आणि ‘आ’वर अडकले. मला वाटलं रागाने शब्द फुटत नाही. मग लक्षात आलं की गळ्याची शीर ताणली गेलीय, डोळे माझ्यावरून बाजूला गेलेत, आणि शब्द येतच नाही. ताई, ते अडखळतात. लहानपणापासून. समोर लिहिलेलं-छापलेलं असलं की सुरळीत वाचतात, पण मनातलं बोलायचं तर पहिल्या शब्दाला जीभ धरते. ‘तसं बघायला गेलं तर’ ही त्यांची धाव होती. ती घेतली की पुढचा शब्द सुटायचा. आता मी ती घेऊन बसलो होतो. म्हणायला गेले की त्यांना आपला चिरंजीव धाकटा वरच्या मजल्यावर बोटांवर आद्याक्षरं मोजताना दिसत असणार.

मी सवयीने त्यांचं वाक्य पूर्ण करायला गेलो, पण वेळीच माझं तोंड मिटलं. माझं चुकलं, एवढंच म्हणालो. त्यांनी दार लावलं, पण हळू.

वर येऊन बाबांना सांगितलं. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मला कसं सांगितलं नाहीत, विचारलं, तर म्हणाले, सांगायचं काय त्यात, तू तर रोज ऐकत होतास. मग मीच त्यांना सांगितलं की तुमचंही नाव ठेवलंय. कोणतं तेही सांगितलं. ते म्हणाले की बरं आहे, पण तुझ्या आईने ठेवलेलं जास्त चांगलं होतं. ते कोणतं, ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दुपारी काका वर आले. पेपर वाचला, निधनवार्ता आधी. वाचून झाल्यावर घडी केली आणि उठले नाहीत. बाबांनी मला आत जायला सांगितलं. दोन खोल्यांचं घर, आत म्हणजे किती आत? काकांनी सुरुवात केली, अडकले, पुन्हा केली. बाबा घाई न करता थांबले होते. मला इथे पाण्याचा नळ सोडावासा वाटला, आवाज झाकायला. सोडला नाही. मग त्यांनी ते ‘तसं बघायला गेलं तर’ म्हटलं, ताई, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि त्यामागून सुटलेलं बाकीचं एका दमात. लेकीने मनापासून बोलावलंय, तिचं पत्र मीच वाचलंय, त्यात खोटं काही नव्हतं, तेव्हा तुम्ही जावं. तू त्यांना जे करायला सांगितलं होतंस ते त्यांनी केलं. त्यात त्यांची स्वतःची रोजची, बाबांबरोबरची दुपार गेली, हे मला कळलं आणि बाबांनाही.

बाबांनी हो म्हटलं नाही. रात्री जेवताना फक्त विचारलं की ताईच्या खिडकीतून रस्ता ऐकू येतो का. कळव. मी तर ऐकू येतो म्हणून सांगून टाकलंय.

आता बांधाबांध चालू आहे. बसथांब्यावर, न्हाव्याकडे, ऑफिसात सगळ्यांना बातमी लागली आहे, आणि जो तो मला विचारतोय की बाबांचं कसं करणार. मला त्यातल्या अर्ध्यांची फक्त मी ठेवलेली नावं येतात. मान खाली घालून उत्तर देतो.

आणखी एक. काका इतकी वर्षं जिन्यात भेटले की म्हणायचे, एकदा खाली चहाला या. मी म्हणायचो, येऊ येऊ. आज संध्याकाळी गेलो. बोलावणं नव्हतं, तरी गेलो. त्यांनी दोन कप चहा केला, साखर जास्त. ते बोलत होते तेवढा वेळ मी गप्प बसलो, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य त्यांच्या वेळाने संपू दिलं. मग दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि वर आलो.

तू बाबांना जवळ घेणारच आहेस. मलाही दाराशी उभं केलंस तरी पुरे.

तुझा धाकटा