जुनं मशीन आणि यांचा आवाज

१२ सप्टेंबर
मशीन बसलं. धुतं, पण पिळत नाही. सुकवायच्या टबाचं बटण फिरवलं की नुसतं गुं गुं, मग गप्प. लेक सुजाता जन्मली त्या वर्षी घेतलेलं, सेलूच्या आमच्या वस्तीतलं पहिलं. झाकणाची बिजागरी कधीच गेली, तिथे दोरी आहे. लेकीला फोनवर सांगून बसले. पुण्याहून लगेच हुकूम, "आई, भंगारात दे ते. मी नवीन ऑटोमॅटिक पाठवते." म्हटलं, थांब थोडी.
का थांब, ते नाही सांगितलं. हे मशीन आजवर यांच्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. आणि हे एप्रिलपासून काहीच उघडत नाहीत, तोंडसुद्धा नाही.

१४ सप्टेंबर
वर्ध्याला डॉक्टरांकडे. यांचा उजवा हात बराच सुधारला म्हणाले. जीभ जड आहे, पण बोलत राहिले तर सुटेल. "घरात बोलतं करा त्यांना." कसं करू? अर्धांगाचा झटका आल्यापासून हे मान हलवून सगळं भागवतात. शब्द वेडावाकडा निघतो याची लाज. लाइनमन होते तेव्हा खांबावरून हाक मारली की पलीकडच्या वस्तीत ऐकू जायची. विहारात वंदना घ्यायची ती यांनीच, दुसऱ्या कुणाचं नावच निघायचं नाही. आता विहाराची पायरीसुद्धा चढत नाहीत.
परतीच्या बसमध्ये मी एकटीच बोलत होते. कपाशीवर, कंडक्टरवर, जे दिसेल त्यावर.

१७ सप्टेंबर
शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. महिला मंडळ त्यांच्या ताब्यात. १४ ऑक्टोबरला, दीक्षेच्या दिवशी, आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो आणि त्या साड्या दरवर्षी आमच्याच मशीनमध्ये एकत्र धुतल्या जातात. आता घरोघर मशीनं आहेत, तरी साड्या इकडेच. कारण एकत्र धुतल्या की नीळ सगळ्यांना सारखी लागते, एकीची निळसर नि दुसरीची पिवळट असं दिसत नाही.
"वहिनी, औंदा कसं करायचं जी?"
"मशीन बंद आहे ना बाई."
"मंग भाऊजीले सांगा!"
हे आतच होते. सगळं ऐकलं. संध्याकाळी मशीनजवळ जाऊन उभे राहिले थोडा वेळ. लिहून ठेवते.

२० सप्टेंबर
वाट पाहून कंटाळले. मीच पाना घेतला. मागचा पत्रा उघडायला अर्धा दिवस गेला, स्क्रू गंजून चिकटलेले, खोबरेल सोडून सोडून काढले. आत काय ती घाण! सु.च्या शाळेच्या ड्रेसचं बटण सापडलं. हे खुर्ची टाकून बघत होते. प्लग काढलेला होता, म्हणून मी बिनधास्त त्या डबीसारख्या कपॅसिटरला हात घालायला गेले, तर
"हात काढ!"
असे ओरडले की समोरची शेळी उठून उभी राहिली. दोन्ही शब्द स्वच्छ. मी हात काढला आणि तिथेच बसकण मारली. प्लग काढला तरी त्या डबीत करंट साचून राहतो म्हणे. अडखळत, चिडत, पण सांगितलं. मध्ये शिव्याही दिल्या असतील, त्या काही कळल्या नाहीत. मला हसू येत होतं आणि रडूही.

२१ सप्टेंबर
आज साहेब स्वतः मशीनपुढे बसले. पण नियम लाइनमनचा. हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, "लाइन बंद?" दुसऱ्याने बटणाजवळ उभं राहून ओरडायचं, "बंद!" तोवर कशालाही शिवायचं नाही. इथे मान हलवून चालत नाही. खांबावरच्याला खालच्याची मान दिसत नाही, खालच्याला वरच्याची.
पहिल्यांदा तोंडातून नुसता घोळ बाहेर आला. मी म्हटलं, "ऐकू नाई आलं जी." रागाने पाहिलं माझ्याकडे. दुसऱ्यांदा जरा बरं. तिसऱ्यांदा आलं की! मी म्हटलं, "बंद!"
ठरवलंय, काम संपेपर्यंत मी जराशी बहिरी राहणार.

२६ सप्टेंबर
वर्ध्याहून आणलेला कपॅसिटर बसला. धुवायच्या बाजूचा पट्टा पण तडकलेला निघाला. तो इथेच शेती अवजारांच्या दुकानात मिळाला. हे स्वतः आले दुकानात, नंबर स्वतः सांगितला. दुकानदाराला दुसऱ्यांदा कळला. घरी येताना चेहरा बरा होता.
सुकवायच्या टबाच्या ब्रेकची तार अजून राहिली. डाव्या हातात पाना, उजव्याने नट धरायचा. नट पडतो. शिवी. परत धरतात. परत "लाइन बंद?" परत "बंद!" दिवसभर हेच. प्र.बाईंनी भिंतीवरून डोकं काढलं, "काऊन जी, नवराबायको भांडून राह्यले का?"
भांडत असतो तरी मला चाललं असतं.

३ ऑक्टोबर
टब फिरला!! फिरला म्हणजे काय, मशीन नाचत नाचत मोरीपर्यंत गेलं, मागे वायर, मागे आम्ही. एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला तेव्हा कुठे शांत झालं. खालून थेंब थेंब गळतं, रबरी सील म्हातारं झालंय. गळू दे, खाली तसराळं ठेवलंय.
सु.ला व्हिडिओ कॉल. "बाबा, तुम्ही दुरुस्त केलं?"
"हो. तुह्या आईनं... पाना धरला."
एप्रिलनंतर बापाचं अख्खं वाक्य आज ऐकलं तिने. नव्या मशीनचं नावही नाही काढलं.

९ ऑक्टोबर
सत्यानाश. सकाळी साड्यांची गाठोडी आली. हे म्हणाले, मी लावतो. मी खुशीत बाजारात गेले. परत येऊन पाहते तर हे मशीनसमोर एक ओली साडी धरून उभे. साडी गुलाबी. दुसरी जांभळट. तिसरीला काय म्हणावं तेच कळेना. विहाराचा नवाकोरा पंचशील ध्वज प्र.बाईंनी त्याच गाठोड्यात धुवायला दिला होता, आणि यांनी उत्साहात तोही साड्यांबरोबर टाकला. निळ्या-पिवळ्या-लाल-केशरी, कुठल्याच पट्ट्याने मागे पुढे पाहिलं नाही.
मला हसू फुटत होतं. मग यांचा चेहरा पाहिला.
दुपारी जेवले नाहीत. विचारलं तर पुन्हा नुसती मान. इतकं वर आणलेलं सगळं एका दिवसात खाली जातं की काय? मला भीती वाटते आहे.

१० ऑक्टोबर
म्हटलं, बायकांना मी सांगते. "नाई." चप्पल घातली आणि निघाले. मी मागे मागे. प्र.बाईंच्या ओट्यावर चार-पाच जणी बसलेल्या. हे समोर उभे राहिले. जीभ अडकली ती अडकलीच. मी बोलायला तोंड उघडलं, तर यांनी हाताने थांबवलं. कुणी मधे बोललं नाही, प्र.बाईसुद्धा नाहीत, हे विशेष.
मग आलं, "माह्या हातानं... खराब झाल्या साड्या. मीच... उजळून देतो."
प्र.बाई म्हणाल्या, "भाऊजी, झेंडा गाठोड्यात मीच कोंबला होता ना. अन् रंग तं काय मस्त चढला बाप्पा!"
सगळ्या खो खो हसल्या. हेही हसले. ओठ एका बाजूने वाकडा होतो अजून, पण हसले.

११ ऑक्टोबर
दिवसभर रंग काढायची पावडर, उकळतं पाणी, मशीन, परत पावडर. हे टबाजवळून हलले नाहीत. साड्या उजळल्या. प्र.बाईंची तेवढी किंचित गुलाबी राहिली. त्या म्हणतात, हेच नेसीन, मले शोभते. बाई हट्टी, पण मनाची मोठी.

१३ ऑक्टोबर
नीळ घालून, कडक वाळवून साड्या घरोघर गेल्या. प्र.बाई दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, उद्या वंदना तुमीच घ्यायची. मी सांगून देल्लं सगळ्याइले." हे उठून आत गेले. मला वाटलं, संपलं.
चार वाजता मी मागच्या अंगणात मेथी निवडत होते. येऊन शेजारी बसले. बराच वेळ काड्या मोडत राहिले.
"उद्या तू माह्याजवळ बसजो."
"बायका तिकडे बसतात जी."
"बसजो. माहा आवाज अडकला तं... पुढचं तू म्हणजो. मी मंग पकडतो."
या माणसाने आयुष्यात कधी मला शिडीसुद्धा धरू दिली नाही. मेथी तशीच ठेवली आणि हो म्हटलं. रडू आलं ते लपवलंही नाही.
आता माझीच पंचाईत. मी आजवर सगळ्यांच्या मागून म्हटलंय, पुढे होऊन कधी नाही. स्वयंपाक करता करता म्हणून पाहिलं, तर मधेच ओळ गळाली. हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "चुकली! पुन्हा म्हण."
पुन्हा म्हणतेय. वंदना सकाळी आठला आहे.