चिठ्ठीत निघालेली आई

खर्डा,
५ जानेवारी २०२५

ती. सत्यशीलाताईस,
सा. न. वि. वि.

तू माझ्याहून चारच महिन्यांनी मोठी. पण उत्स्फूर्त भाषणात राहाता तालुक्यात पहिली आलीस, म्हणून आज साष्टांग नमस्कार. मामांनी आईच्या मोबाईलवर तुझा व्हिडिओ पाठवला. तुमच्या वसतिगृहात मोबाईल चालत नाही, म्हणून हे पत्र.

खरं सांगते, माझा नुसता जळफळाट झालाय. दिवाळीत आपण डब्यातून चिठ्ठ्या काढून तयारी केली. विषय कोणताही निघो, पाच मिनिटांत गाडी आपल्या ठरलेल्या प्रसंगावर आणायची, ही युक्ती माझी. आणि ऊसतोडीला गेल्यावर कोयत्याच्या टोकाने मातीत अक्षरं काढून शिकवणारी आईही माझी! तू खुशाल 'माझी आई' म्हणालीस. मामी तर बँकेत आहेत! जामखेड तालुक्यातून मीही जिल्ह्याला निवडले गेलेय; आता तिथे मी तेच सांगितलं, तर कॉपी मीच केली असं होणार. माझ्याकडे दुसरं आहे काय?

रागावलेली, तरी तुझीच,
रोहिणी

राहाता,
११ जानेवारी

चि. रोहिणीस,
अ. आ.

साष्टांग घातलास, मग आशीर्वाद घे. चिठ्ठीत 'माझी पहिली शाळा' निघालं आणि माझं डोकं रिकामं झालं. तोंडात आत्याच आली. चुकलंच माझं. पण दिवाळीत तू बोलायला लागलीस की आत्या भाकरी थापायची थांबून ऐकायची. माझी आई फक्त माझे उच्चार सुधारते. हेवा काय तुलाच वाटतो?

जिल्ह्याला मी ते सांगणार नाही. आत्या किती रागावली, ते कळव. लोभ अगदीच आटवू नकोस.

तुझी,
सत्यशीला

खर्डा,
१७ जानेवारी

प्रिय सत्यशीला,
स. न.

तुझं पत्र आईला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ती तुला चार शब्द सुनावेल, अशी आशा होती. तिने व्हिडिओच पुन्हा लावायला सांगितला. मग मलाच म्हणाली, भाचीनं समद्यांम्होरं मला आई म्हनलं. तू जामखेडला काय म्हनली हुतीस?

तालुक्याला मीही तोच प्रसंग सांगितला होता. समोर वर्गातल्या मुली होत्या, म्हणून 'आमच्या गावातली एक बाई' म्हणाले. त्यावरच पहिली आले. आई मागच्या रांगेत येऊन बसली होती, हे मला परवा कळलं.

आता विषय कोणताही निघो, जिल्ह्याला मी आईबद्दलच बोलणार. परीक्षक कॉपी म्हणोत, नंबर जावो. आईला सोबत आणतेय. पण तुझा हेवा आता जास्तच वाटतो गं. चारचौघांत तिला आई म्हणण्यात पहिला नंबर तुझा लागला.

भांडण मिटलेलं नाही, तेवढा लोभ राहू दे.

तुझी,
रोहिणी