टॅपेटचा आवाज

बाबा, तुझ्या गाडीच्या इंजिनाचं हेड परवा उघडलं. इतकी वर्षं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होती, ती टेम्पोत चढवून अलिबागच्या मेकॅनिककडे नेली. शाळेतून मुदतीआधीच रिटायरमेंट घेतली आता, वेळच वेळ आहे, आणि मला ती पुन्हा चालवायची आहे. मेकॅनिक तिशीतला आहे, पण हात चांगला, तुला आवडला असता. त्याने हेड उलटं ठेवून मला बोलावलं आणि व्हॉल्व जिथे टेकतो त्या सीटवर बोट ठेवलं. "बघा मॅडम, किती आत धसलीय. साधं बिडाचं हेड, त्यात बिनशिशाचं पेट्रोल. आज ना उद्या हे होणारच होतं." मी त्याच्या स्टुलावर बसले आणि त्याला म्हटलं, परत एकदा सांग.

रेवसच्या धक्क्यावर तुम्हा टॅक्सीवाल्यांचा स्टँड होता. शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हा तिथे नुसता सुतकी चेहरा करून बसले होते सगळे. कुणी टाकीत डांबरगोळ्या टाकल्या, कुणी रिक्षावाल्यांसारखं ऑइल ओतलं. तू मात्र लाँचने भाऊच्या धक्क्याला गेलास आणि ओळखीच्या एका म्हाताऱ्या इंजिनवाल्याला विचारून आलास. घरी आल्यावर आई चहा गाळत होती, तिच्या हातातली गाळणी घेऊन तू मला समजावलंस: शिसं होतं तोवर व्हॉल्वला खाली गादी होती, आता तो नुसत्या लोखंडावर आपटणार, सीट झिजणार, व्हॉल्व वर सरकणार आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटशी असलेली गॅप कमी होत जाणार. गॅप संपली की व्हॉल्व नीट मिटत नाही आणि जळतो. म्हणून गॅप जरा जास्तच ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी बघायची. आई म्हणाली, आधी माझी गाळणी दे.

तेव्हापासून त्या सैल टॅपेटांमुळे आपली गाडी टकटक करत जायला लागली. मुंबईचे पाहुणे हसायचे, शिलाई मशीन बसवलंय का म्हणायचे. तू हसून सोडून द्यायचास. "आवाज हाय तवर जीव हाय, बाय. गप झाली का समज खल्लास." दहावीनंतर मैत्रिणींना घड्याळं मिळाली, मला तू गॅप मोजायच्या पात्यांचा फिलर दिला होतास, आणि आपल्या पट्ट्यात ते काम येणारी मी एकटीच मुलगी असेन. पण बाबा, मला त्या आवाजाची लाज वाटायची. ही गोष्ट तुला कधी कळू दिली नाही. मी नुकतीच शाळेत लागले होते, आणि मला बघायला मुंबईची माणसं लाँचने येणार होती. त्यांना धक्क्यावरून तू आपल्याच गाडीतून आणणार होतास.

तू शनिवारी गॅप बघून ठेवलीस. रविवारी सकाळी तू पापलेट आणायला गेलास, आई पुरणात गुंतलेली, आणि मी बॉनेट उघडलं. अर्ध्या तासात सगळे टॅपेट आवळून गॅप कमी केली. गाडी अशी गप झाली की मलाच कौतुक वाटलं. दुपारी निघताना तू कान तिरका केलास. "आज लय गप हाय गो." मी म्हटलं, "कालच तर तू बघितलीस ना, बाबा." स्वतःच्या हातावर तुझा भरवसा होता, तू मान डोलावून निघून गेलास. पाहुण्यांनी गाडीची तारीफ केली, लग्न ठरलं. पुढच्या रविवारी सैल करू, असं मी ठरवलं होतं. पुढचे सगळे रविवार आमंत्रणं करण्यात गेले, आणि खरं सांगायचं तर गप गाडीत बसायला मला बरंही वाटत होतं.

दोन महिन्यांनी कार्ले खिंडीच्या चढावर पॅसेंजरसकट गाडी बसली. तू घरी हेड उघडलंस, जळलेला व्हॉल्व हातात घेऊन अंगणात बसलास. हाताला मेंदी लागलेली मी दारात उभी. "बाय, तू हात लावलावतास का?" "नाही." तू जळलेल्या व्हॉल्ववरून अंगठा फिरवलास. मग म्हणालास, "मंग माझाच हात चुकला. आता भरवसा न्हाय." हेड पुन्हा बसवून तू गाडी ढकलत पडवीत नेलीस. स्टँडवरचे सगळे टॅपेट सेट करायला तुझ्याकडे यायचे, त्यांना तू पोयनाडला पाठवायला लागलास. दुसऱ्याची जीप चालवलीस, पण तिचं बॉनेट उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. तू गेलास तोपर्यंत तुझ्या नखांतलं काळं ऑइलसुद्धा निघून गेलं होतं. अंघोळ घालताना आईने तुझी बोटं हातात धरली आणि म्हणाली, कशी साहेबासारखी झालीत. मी मागच्या दाराने निघून गेले.

म्हणून परवा त्या पोराचं बोलणं ऐकून मला इतकं बरं वाटलं. होणारच होतं. तुलाही कळवावं म्हणून ही वही घेतली. वहीतलं वहीतच राहणार, ते मला कळतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की होणारच असलं, तरी ते तुझ्या देखरेखीखाली झालं असतं. गॅप कमी होतेय हे तुझ्या फिलरला आधी कळलं असतं, तू सीट बदलून घेतल्या असत्यास, आणि हात चुकला असं तुला वाटलं नसतं. ती तुझी वर्षं होती, बाबा. ती मी घालवली.

आणि अजून एक. त्या पोराने नव्या कडक सीट बसवायला घेतल्या आणि सहज विचारलं, "गॅप पार संपलीय मॅडम. शेवटचे टॅपेट कोणी सेट केले होते?"

मी म्हटलं, "वडिलांनी."