चौथा चष्मेवाला

प्रिय दादा,

आईला सांग, चष्मा घालवायचं लेझर झालं नाही, पण मी ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाईंनीच नकार दिला. यातही काही डाव असेल म्हणून मी दुसरीकडे दाखवलं. तिथेही तेच.

माझा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन फुगतोय. लेझरने तो आणखी पातळ होईल. वेळेत उपचार केले तर आजार थांबतो. माझे सुरू होताहेत.

बाईंनी विचारलं, "घरात कुणाचा नंबर सारखा बदलतो?"

"दादाचा. पण आमचे चष्मेवालेच बेकार आहेत. चार झाले."

त्या हसल्या. "चारही बेकार?"

भावंडांतही हा आजार असू शकतो म्हणे. तेव्हापासून मला तुझाच संशय येतोय. अंधार पडला की गाडी वहिनीकडे का देतोस? "तिचा हात बसू दे" हे मला पटत नाही. डोळे अजून मुठींनी चोळतोस ना? त्यानेही हा आजार बळावतो म्हणे.

कॉर्नियाची तपासणी करून घे. निकाल मात्र वहिनीच कळवेल. तू "सगळं ठीक" म्हणशील, आणि माझा विश्वास बसणार नाही.

बाबांना नमस्कार.

तुझी,
चोंबडी